निवृत्तिवेतनाचे खासगीकरण आणि न्याय्यतेचा प्रश्न : महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सार्वजनिक सेवेतील निवृत्तिवेतनाचा प्रश्न हा सामान्यतः वित्तीय प्रश्न म्हणून चर्चिला जातो. शासनाच्या तिजोरीवरील भार, महसुली खर्चातील निवृत्तिवेतनाचा वाटा, वाढते आयुर्मान या मुद्द्यांभोवतीच ही चर्चा फिरते. तथापि या वादाच्या मुळाशी एक जुना आणि अधिक मूलभूत प्रश्न आहे. निवृत्तिवेतन ही राज्यकर्त्याची कृपा आहे की सेवकाने आयुष्यभराच्या श्रमातून मिळविलेला हक्क? आणि तो हक्क असेल, तर वार्धक्यातील अनिश्चिततेचा भार राज्याने वाहावयाचा की व्यक्तीने? प्रस्तुत लेखात १९८२ ते २०२४ या कालखंडातील भारतीय व विशेषतः महाराष्ट्रातील घडामोडींच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

कृपेपासून हक्कापर्यंत

महाराष्ट्राला 'पेन्शन' या शब्दाचा पहिला ठळक परिचय झाला तो एका पराभवातून. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि वार्षिक आठ लाख रुपयांच्या तनख्यावर त्याची ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला, रवानगी झाली. १८५१ मध्ये बाजीराव निवर्तल्यावर कंपनी सरकारने हा तनखा दत्तकपुत्र नानासाहेबांना चालू ठेवण्यास नकार दिला. अझीमुल्ला खान यांनी लंडनपर्यंत केलेली दाददेखील व्यर्थ ठरली. हा राजकीय तनखा होता, सेवेबद्दलचे निवृत्तिवेतन नव्हे, हा भेद अर्थातच लक्षात ठेवला पाहिजे. परंतु देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेल्या देण्याचे स्वरूप कसे असते, हे या प्रसंगाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते.

त्यापूर्वीच्या मराठेशाहीत रणांगणावर पडलेल्या शिपायाच्या मुलाबाळांसाठी 'बालपरवेशी' देण्याची रीत होती. तिच्यामागे सेवेच्या मोबदल्याची जाणीव होती; पण तीही धन्याच्या इच्छेबाहेरची नव्हती. ब्रिटिश राजवटीने ही व्यवस्था लेखी नियमांत बांधली. मात्र १८७१ च्या निवृत्तिवेतन अधिनियमाने तिला दोन परस्परविरोधी बाजू दिल्या. एकीकडे निवृत्तिवेतनावर सावकाराची जप्ती येणार नाही असे संरक्षण देण्यात आले. दुसरीकडे निवृत्तिवेतनासंबंधीचे दावे दिवाणी न्यायालयाने चालवू नयेत अशी तरतूद करण्यात आली. म्हणजे पेन्शनर सावकारापासून सुरक्षित झाला, सरकारपासून मात्र नाही.

स्वातंत्र्यानंतर ही स्थिती पालटण्यास दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. १९७१ च्या देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हे शासनाच्या मर्जीवर अवलंबून असलेले दान नसून तो कर्मचाऱ्याचा हक्क आहे, असा निर्वाळा दिला. या विचाराला पूर्णत्व आले ते १७ डिसेंबर १९८२ रोजीच्या डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार या निकालाने. केंद्र शासनाने १९७९ मध्ये निवृत्तिवेतनाचे सूत्र उदार केले, परंतु त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांपुरताच मर्यादित ठेवला. एक दिवस आधी निवृत्त झालेला अधिकारी त्याला वंचित होता. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही तारखेची भिंत घटनेच्या चौदाव्या अनुच्छेदाशी विसंगत ठरविली. घटनापीठात न्यायमूर्ती तुळजापूरकरही होते. निकालपत्र न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिले. निवृत्तिवेतन हे गतकाळातील सेवेचे मोल आहे आणि त्याचबरोबर वृद्धांना सामाजिक-आर्थिक न्याय देणारे साधन आहे, अशी दुहेरी भूमिका या निकालात मांडली गेली. १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो तो याच कारणाने.

या निकालाची एक बाजू फारशी लक्षात घेतली जात नाही. नवीन सूत्र ही स्वतंत्र नवी योजना नसून जुन्याच योजनेची सुधारणा आहे, या गृहीतावर न्यायालयाचा सारा युक्तिवाद उभा होता. योजनाच नवी असेल तर काय, हा प्रश्न त्यामुळे मोकळा राहिला. १९९० मध्ये कृष्णकुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात भविष्यनिर्वाह निधीचा पर्याय स्वीकारून निवृत्त झालेले रेल्वे कर्मचारी आणि निवृत्तिवेतनधारक हे दोन भिन्न वर्ग आहेत, असे दुसऱ्या घटनापीठाने ठरविले आणि नकारा निकालाची व्याप्ती आखडली. २००४ नंतरच्या व्यवस्थेला कायदेशीर पाया मिळाला तो याच फटीतून, असे म्हणता येते.

महाराष्ट्रातील अनुदानित अशासकीय महाविद्यालयांच्या प्राध्यापकांच्या दृष्टीने १९८२ हे वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. राज्य शासनाने त्यांना निवृत्तिवेतन योजना लागू केली ती १ ऑक्टोबर १९८२ पासून. तोपर्यंत खासगी संस्थांत उभे आयुष्य घालविलेल्या प्राध्यापकाला निवृत्तीच्या दिवशी मिळत असे ती भविष्यनिर्वाह निधीची रक्कम, सत्काराची शाल आणि श्रीफळ. या वर्गाला मिळालेला हा अधिकार नवीन नियुक्त्यांसाठी अवघ्या तेवीस वर्षांत संपुष्टात आला. शासकीय कर्मचाऱ्यांच्या तुलनेत प्राध्यापकांचा निवृत्तिवेतनाचा इतिहास किती अल्पायुषी आहे, हे यावरून ध्यानात यावे.

चिलीचा प्रयोग आणि त्याचा प्रवास

निवृत्तिवेतनाच्या खासगीकरणाचा पहिला संपूर्ण प्रयोग दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात झाला. जनरल पिनोशे यांच्या लष्करी राजवटीत कामगारमंत्री होझे पिन्येरा यांनी १९८० मध्ये तयार केलेला कायदा मे १९८१ पासून अमलात आला. कामगाराच्या वेतनातून १० टक्के रक्कम त्याच्या वैयक्तिक खात्यात जमा व्हावी, खासगी कंपन्यांनी ती गुंतवावी आणि वार्धक्यात त्या साठलेल्या पुंजीतून निवृत्तिवेतन मिळावे, अशी ही रचना होती. मालकाचे अंशदान रद्द झाले. सेवेत असलेल्यांना पर्याय मिळाला, तर १९८३ पासून नोकरीस लागणाऱ्यांवर नवी व्यवस्था सक्तीची झाली. ही सुधारणा घडविणाऱ्या लष्कराने स्वतःला व पोलिसांना मात्र जुन्याच योजनेत ठेवले. ज्या व्यवस्थेचे गुणगान जगभर झाले तिच्या जनकांनी ती स्वतःसाठी नाकारावी, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

जागतिक बँकेने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वार्धक्यविषयक अहवालाने वैयक्तिक खात्यांवर आधारित निधीयुक्त स्तंभाचा पुरस्कार केला आणि लॅटिन अमेरिका व पूर्व युरोपातील अनेक देशांनी त्या दिशेने पावले टाकली. खुद्द चिलीत मात्र अपेक्षाभंग झाला. अनियमित रोजगार असलेल्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, खात्यांत पुरेशी पुंजी साठलीच नाही. २००८ मध्ये राष्ट्राध्यक्षा मिशेल बाशेलेत यांच्या काळात करनिधीतून गरीब वृद्धांना आधार देणारा स्तंभ उभारावा लागला. २०१६ मध्ये लाखो लोक खासगी निधी कंपन्यांच्या विरोधात रस्त्यावर उतरले. आणि २०२५ मध्ये मालकांचे अंशदान पुन्हा प्रस्थापित करणारी सुधारणा संमत झाली. १९८१ मध्ये जे वगळले होते ते चव्वेचाळीस वर्षांनी परत आणावे लागले.

भारतातील स्थित्यंतर : असंघटितांसाठी आखलेली योजना

भारतातील बदलाची सुरुवात एका वेगळ्याच हेतूने झाली, आणि हा मुद्दा प्रस्तुत विषयाच्या केंद्रस्थानी आहे. १९९८ मध्ये केंद्रीय सामाजिक न्याय व सक्षमीकरण मंत्रालयाने एस. ए. दवे यांच्या अध्यक्षतेखाली 'ओअ‍ॅसिस' या नावाने ओळखली जाणारी समिती नेमली. तिचा विषय होता असंघटित कामगारांचे वार्धक्य. शेतमजूर, फेरीवाले, हातमागावरचे विणकर, घरकाम करणाऱ्या स्त्रिया अशा कोट्यवधी लोकांना म्हातारपणासाठी थोडीथोडी बचत करता यावी, याकरिता स्वस्त, सुटसुटीत आणि नोकरी बदलली तरी कायम राहील अशा वैयक्तिक खात्याची कल्पना समितीने २००० मधील अहवालात मांडली.

या अहवालाचे पुढे जे झाले ते भारतीय धोरणेतिहासातील एक विलक्षण उदाहरण आहे. पाचव्या वेतन आयोगानंतर केंद्र व राज्यांची वित्तीय स्थिती बिकट झाली होती. २००१ मध्ये केंद्र शासनाने बी. के. भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा विचार करण्यासाठी उच्चस्तरीय तज्ज्ञ गट नेमला. या गटाने २००२ मध्ये संमिश्र योजनेची शिफारस केली: कर्मचारी व शासन दोघांनी अंशदान द्यावे, परंतु निवृत्तिवेतनाच्या रकमेची निश्चिती असावी. शासनाने ही मध्यममार्गी शिफारस बाजूला ठेवली आणि असंघटितांसाठी आखलेल्या वैयक्तिक खात्याचा साचा सरकारी कर्मचाऱ्यांना लावला. २२ डिसेंबर २००३ च्या अधिसूचनेद्वारे १ जानेवारी २००४ पासून केंद्रीय सेवेत येणाऱ्यांना नवी निवृत्तिवेतन योजना सक्तीची झाली. सैन्यदले वगळण्यात आली. चिलीच्या इतिहासाची येथे आठवण होणे साहजिक आहे. ज्यांच्यासाठी मूळ कल्पना होती त्या असंघटितांना मात्र या योजनेचे दार १ मे २००९ पर्यंत बंदच होते.

योजनेला वैधानिक आधार देणाऱ्या निवृत्तिवेतन निधी नियामक व विकास प्राधिकरणाचा कायदा संसदेत संमत झाला तो २०१३ मध्ये. जवळजवळ एक दशक लाखो कर्मचाऱ्यांच्या वेतनातून कपात होत राहिली ती केवळ कार्यकारी आदेशाच्या बळावर.

'खासगीकरण' या संज्ञेचा अर्थ

या व्यवस्थेला खासगीकरण म्हणावे काय, याविषयी मतभेद संभवतात. प्रारंभी सरकारी कर्मचाऱ्यांचा निधी सांभाळणाऱ्या संस्था स्टेट बँक, आयुर्विमा महामंडळ आणि युटीआय यांच्याशी निगडित होत्या. चिलीप्रमाणे सारा पैसा खासगी कंपन्यांच्या हाती गेला नाही. समभागांतील गुंतवणुकीवरही मर्यादा होती. मूळ सरकारी योजनेत ती सुमारे १५ टक्क्यांपर्यंत राहिली. त्यामुळे 'म्हातारपण शेअर बाजारात लावले' ही सभा-मोर्चांतील घोषणा अर्धीच खरी आहे. खरे खासगीकरण झाले ते जोखमीचे. जुन्या योजनेत पूर्ण सेवेअंती वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता निश्चित होता. माणूस किती वर्षे जगेल, भाव किती वाढतील, व्याजदर किती उतरतील, याची चिंता शासनाची होती. नव्या योजनेत अंशदान निश्चित झाले आणि निवृत्तिवेतन अनिश्चित.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका प्राध्यापकाच्या खात्यात निवृत्तीच्या वेळी ५० लाख रुपये साठले. त्यांपैकी किमान ४० टक्के, म्हणजे २० लाख रुपयांची वार्षिकी विमा कंपनीकडून घ्यावी लागते. साडेसहा टक्के दर धरल्यास महिन्याला सुमारे १०,८०० रुपये हाती येतात. उरलेले ३० लाख रोख मिळतात हे खरे. परंतु १०,८०० रुपये हा आकडा पंचविसाव्या वर्षीही तेवढाच राहतो, कारण वार्षिकीला महागाई भत्ता नाही. याच प्राध्यापकाचे अखेरचे मूळ वेतन ८०,००० रुपये असते, तर जुन्या योजनेत त्याला ४०,००० रुपये व त्यावर वेळोवेळी वाढणारा भत्ता मिळाला असता. वादाचे मर्म बाजारातील चढउतारांपेक्षा या न वाढणाऱ्या आकड्यात आहे.

महाराष्ट्र : १ नोव्हेंबर २००५ ची रेषा

महाराष्ट्र शासनाने ३१ ऑक्टोबर २००५ च्या निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ पासून नियुक्त होणाऱ्यांना परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना लागू केली. पुढे सुमारे दशकभराने ती राष्ट्रीय योजनेत विलीन झाली. या तारखेने राज्यातील प्रत्येक कार्यालयाचे, शाळेचे आणि महाविद्यालयाच्या शिक्षककक्षाचे दोन भाग केले. एकाच विषयाचे दोन प्राध्यापक, तीच अर्हता, तोच कार्यभार, तेच वेतन. परंतु एकाची नियुक्ती जूनमधील आणि दुसऱ्याची निवड समितीची बैठक लांबल्यामुळे डिसेंबरमधील. पहिल्याच्या वार्धक्याची हमी राज्य घेते, दुसऱ्याच्या नाही. एकोणीसशे ब्याऐंशीत जी भिंत न्यायालयाने निवृत्तांमधून पाडली, ती येथे सेवेत असलेल्यांमध्ये उभी राहिली.

अनुदानित शिक्षणक्षेत्रात तर ही रेषा अधिकच वाकडी झाली. २००५ पूर्वी रीतसर नियुक्त झालेले, परंतु ज्यांची शाळा वा तुकडी त्या दिनांकास शंभर टक्के अनुदानावर नव्हती, अशा शिक्षकांना शासनाने जुन्या योजनेबाहेर ठेवले. अनुदान केव्हा द्यावयाचे हे ठरविणारे शासनच. ते उशिरा दिले म्हणून हक्क गमावणारा मात्र शिक्षक. 'विनाअनुदान' तत्त्वावर वर्षानुवर्षे अत्यल्प मानधनात राबलेल्या या वर्गावर झालेला अन्याय या साऱ्या प्रकरणातील सर्वांत कमी समर्थनीय भाग मानावा लागेल.

अंमलबजावणीतील शैथिल्याने संशयाला खतपाणी घातले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालाने देशभरातील योजनेच्या अंमलबजावणीत कर्मचाऱ्यांची नोंदणी आणि अंशदानाचा भरणा यांत झालेला विलंब दाखवून दिला. त्याहून गंभीर प्रश्न सेवेत असताना मृत्यू पावलेल्यांचा होता. केंद्राने २००९ मध्येच अशा कुटुंबांना जुन्या नियमांप्रमाणे कुटुंब निवृत्तिवेतन देण्याची सोय केली होती. महाराष्ट्रात त्यासाठी मार्च २०२३ उजाडावे लागले. मधल्या काळात ज्या घरांतील कमावती व्यक्ती गेली, त्यांच्यासाठी हा वाद तात्त्विक कधीच नव्हता.

राजकीय दबाव वाढला तो २०२२ नंतर. राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल प्रदेश यांनी जुनी योजना पुनरुज्जीवित करण्याचे जाहीर केले. पश्चिम बंगालने तर ती कधी सोडलीच नव्हती. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी योजना लागू केल्यास सुमारे १ लाख १० हजार कोटी रुपयांचा भार पडेल असे सांगून ती नाकारली. पाठोपाठ फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर शिक्षक मतदारसंघाचा निकाल सत्ताधाऱ्यांच्या विरोधात गेला. १४ मार्च २०२३ पासून 'एकच मिशन, जुनी पेन्शन' या घोषणेसह राज्यव्यापी संप झाला. तो २० मार्चला मागे घेण्यात आला आणि सुबोध कुमार, के. पी. बक्षी व सुधीर श्रीवास्तव या निवृत्त सनदी अधिकाऱ्यांच्या समितीकडे प्रश्न गेला. जानेवारी २०२४ मध्ये, ज्यांच्या पदांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती अशा सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा पर्याय देण्यात आला.

न्याय्यतेचे दोन दावे

जुन्या योजनेच्या विरोधकांचा युक्तिवाद हलका नाही. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनमधील अभ्यासानुसार राज्यांनी जुनी योजना स्वीकारल्यास त्यांच्यावरील एकत्रित भार नव्या योजनेच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो. हा पैसा येतो तो करांतून, आणि आपल्याकडे अप्रत्यक्ष कर मीठमिरची विकत घेणारा प्रत्येक जण भरतो. विदर्भातील कापूस वेचणाऱ्या मजूर स्त्रीने निवृत्त प्राध्यापकाचा महागाई भत्ता का भरावा, हा प्रश्न संघटनांच्या नेत्यांनी टाळला, परंतु तो टाळण्याजोगा नाही.

तरीही या युक्तिवादात एक अप्रामाणिकपणा दडलेला आहे. मजूर स्त्रीचे नाव घेऊन जी बचत करावयाची, ती तिच्यापर्यंत पोहोचली काय? स्थित्यंतराच्या काळात बचत झालीच नाही. जुन्या निवृत्तांचे निवृत्तिवेतन आणि नव्यांचे अंशदान असा दुहेरी खर्च शासनाला करावा लागला. पुढे जी होणार, ती वृद्ध मजुरांसाठी राखून ठेवण्याची तरतूद कोणत्याही अधिसूचनेत नाही. शिवाय काटकसरीचा हा निकष विधिमंडळ सदस्यांच्या निवृत्तिवेतनाला लावला गेला नाही. त्यांच्यासाठी अंशदानाचे खाते कोणी उघडले नाही. दोन पिढ्यांतील न्यायाचा विचारही असाच अर्धवट राहिला: भावी करदात्याला वाचविण्याचा भार संपूर्णपणे २००४-०५ नंतर नोकरीस लागलेल्या पिढीवर टाकला गेला आणि ज्यांनी निर्णय घेतला त्या पिढीचे निवृत्तिवेतन अबाधित राहिले.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने टी. व्ही. सोमनाथन समितीच्या कामाच्या आधारे एकीकृत निवृत्तिवेतन योजना मंजूर केली. ती १ एप्रिल २०२५ पासून लागू झाली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के हमी, त्यावर महागाईनुसार वाढ, कुटुंबाला ६० टक्के आणि किमान १० हजार रुपये अशा तिच्या तरतुदी आहेत. कर्मचाऱ्याचे १० टक्के अंशदान कायम असून शासनाचा वाटा १८.५ टक्के आहे. महाराष्ट्राने दुसऱ्याच दिवशी तिला मान्यता दिली. अंशदानही आणि निश्चितीही, ही रचना तत्त्वतः भट्टाचार्य गटाने २००२ मध्ये सुचविलेल्या मार्गाच्या जवळची आहे. बावीस वर्षांपूर्वी तो अहवाल स्वीकारला असता, तर संप, समित्या आणि न्यायालयीन खटले यांचा मोठा भाग टळला असता, असे मानण्यास जागा आहे.

ओअ‍ॅसिस समितीचा मूळ विषय मात्र अद्याप जेथल्या तेथे आहे. २०१५ मधील अटल पेन्शन योजना महिन्याला १ हजार ते ५ हजार रुपयांची हमी देते, तीही नियमित हप्ते भरू शकणाऱ्यांना. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली कारखान्यांतील कामगाराला मिळणारी किमान रक्कम २०१४ मध्ये १ हजार रुपये ठरली. निराधार वृद्धांसाठी महाराष्ट्रात जी योजना आहे तिचे अधिकृत नाव 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना' असे आहे. त्या निवृत्तिवेतनाची रक्कम २०२३ मध्ये १ हजारावरून दीड हजार रुपये करण्यात आली. तिला महागाई भत्ता जोडलेला नाही.